अल्प मुदतीचा अभ्यास, दीर्घ मुदतीचा अर्ज

विद्यापीठाच्या दाराशीं येणाऱ्या माणसांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पाडतां येतात. पहिल्या वर्गास पदवी पाहिजे असते, आणि ती मिळविण्यापुरती जेवढी विद्या अपरिहार्य असेल तेवढी घेण्यास तो तयार असतो. दुसऱ्या वर्गास एखादी विशिष्ट विद्या पाहिजे असते, आणि तिच्याबरोबर एखादें प्रमाणपत्र मिळालें तर त्याची ना नसते. पहिला वर्ग मोठा आहे, तरुण आहे, व त्याच्या पाठीशीं आईबापांची चिंता आणि नोकरीची आशा हीं उभीं असतात. तेव्हां विद्यापीठाची सारी यंत्रणा त्याच्याच मापानें बेतलेली असावी, यांत नवल नाहीं. दुसरा वर्ग लहान, विखुरलेला, वयानें वाढलेला व पोटाच्या उद्योगांत गुंतलेला असतो. त्याच्यासाठीं विद्यापीठांनीं तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे, फार तर वर्षाचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम काढले, ही गोष्ट स्तुत्यच होय. परंतु ते काढतांना अभ्यासक्रम तेवढा आखूड केला, आणि प्रवेशाची रीत मात्र होती तितकीच लांब ठेविली! पदवीच्या राखणीसाठीं घडविलेलें कुलूप या लहानशा दारास लावूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि तें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही गुलमंडी घेतों. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेल्या खडकीचें पुढें औरंगाबाद झालें, आणि २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें; पण जुन्या शहराची नाडी पाहावयाची असेल तर आजहि गुलमंडीवरच बोट ठेवावें लागतें. नांवावरून पाहतां ही फुलांची मंडी. प्रत्यक्षांत तेथें फुलांपेक्षां कापडाचा बाजार मोठा. एका अंगास पैठण गेट, दुसऱ्या अंगास मछली खडक, जवळच औरंगपुरा व रंगार गल्ली, आणि मध्यें सुपारी मारुति. या भागांतून सायंकाळीं चालत गेलेल्या मनुष्यास विद्येचें येथें काय काम, असें वाटण्याचा संभव आहे. परंतु आम्ही अध्यापनाच्या निमित्तानें या शहरांतील लोकांत बरीच वर्षें वावरलों आहों, आणि आमचा अनुभव नेमका याच्या उलट आहे.

कोणत्या विद्येची गरज या वस्तींत आहे, तें पाहूं. कापडाच्या दुकानांत हिशेब लिहिणारा मुनीम घ्या. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला, आणि त्याची आयुष्यभराची वहीखात्याची विद्या एका रात्रींत अपुरी पडली. त्याला वाणिज्याची पदवी नको. तीन महिन्यांचें नीट शिक्षण पाहिजे. वेरुळ व अजिंठा दाखविणारा एखादा मार्गदर्शक घ्या. जपानांतून किंवा फ्रान्सांतून बुद्धाचीं लेणीं पाहण्यास आलेल्या प्रवाशाशीं चार वाक्यें त्याच्या भाषेंत बोलतां आलीं, तर त्याच्या मिळकतींत व आमच्या शहराच्या लौकिकांत दोहोंतहि भर पडेल. निवृत्त झालेली एखादी परिचारिका घ्या. रोज वंदना म्हणतांना ज्या पालि भाषेचा उच्चार ती करते, तिचा अर्थ आपणांस कळावा, अशी तिची इच्छा आहे. ही इच्छा लहान आहे असें कोण म्हणेल? आणि जुन्या वाड्यांतून राहणारीं अनेक कुटुंबें घ्या, ज्यांच्या माळ्यावर कागदांचीं बासनें पडलेलीं आहेत. त्यांत पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांतील मोडी आहे, निजामाच्या दरबारची फारसी आहे, आणि मागाहून राजभाषा झालेली उर्दू आहे. हे कागद वाचणारी पिढी डोळ्यांदेखत संपत आली. ज्या घरांत वाचणारा उरला नाहीं, त्या घरांतील बासन दिवाळीच्या झाडलोटींत रद्दीच्या तराजूंत जातें, आणि त्याबरोबर एखाद्या विहिरीचा, एखाद्या इनामाचा, एखाद्या बाजारपेठेचा इतिहास किलोच्या भावानें विकला जातो.

म्हणजे मागणी आहे. पुरवठाहि आहे, असें आम्हांस कबूल केलें पाहिजे. मोडीचे, पालीचे, परकीय भाषांचे, हिशेबाचे व संगणकाचे लहान अभ्यासक्रम महाराष्ट्रांतील विद्यापीठांतून व महाविद्यालयांतून चालतात. शिकविणारे आहेत, खोल्या आहेत, फळे आहेत. असें असतां अनेक वर्गांत आठ-दहांपलीकडे डोकीं दिसत नाहींत, पुरेशी संख्या नाहीं म्हणून वर्ग रद्द होतात, आणि मग सभांतून असे उद्गार निघतात, कीं “लोकांना विद्येची गोडीच राहिली नाहीं.” हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. मागणी व पुरवठा यांच्यामध्यें जो एक पदार्थ उभा आहे, त्याकडे या वक्त्यांचें लक्ष गेलेलें नाहीं. तो पदार्थ म्हणजे अर्ज.

या अर्जाचें स्वरूप आतां पाहावें. आम्ही कोणा एका विद्यापीठाकडे बोट दाखवीत नाहीं; थोड्याफार फरकानें ही तऱ्हा सार्वत्रिक आहे. प्रथम संगणकावर नोंदणी. तिच्यासाठीं ई-मेल व आधाराशीं जोडलेला मोबाइल क्रमांक. त्या मोबाइलवर आलेला गुप्त अंक ठराविक मिनिटांच्या आंत भरावयाचा. मग छायाचित्र इतक्या आकाराचें, स्वाक्षरी तितक्या आकाराची. मग शाळा सोडल्याचा दाखला, दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका. दुसऱ्या विद्यापीठाचा पदवीधर असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र. मध्यें शिक्षणांत खंड पडला असल्यास खंडाचें प्रतिज्ञापत्र. अलीकडे श्रेयांकपेढीचा क्रमांक. हें सर्व चढविल्यावर तें छापून काढावयाचें, आणि मूळ कागदांसह तपासणीसाठीं समक्ष हजर व्हावयाचें. म्हणजे यंत्राचा त्रास झाला व कचेरीचा चुकला, असेंहि नाहीं. त्यानंतर शुल्क, शुल्क भरल्यावर प्रवेश तात्पुरता, आणि तो पात्रता ठरेपर्यंत तात्पुरताच. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा असल्यास पात्रता ठरण्यापूर्वीं अभ्यासच संपण्याची भीति! नमनालाच घडाभर तेल जाळावें, व नाटक सुरू होण्याच्या वेळीं दिव्यांत वात उरूं नये, अशी ही स्थिति आहे.

प्रत्येक कागदास “कशासाठीं?” हा प्रश्न विचारून पाहावा. स्थलांतर प्रमाणपत्र कां मागतात? एका विद्यापीठांतील विद्यार्थी दुसऱ्या विद्यापीठांत जातांना त्याची नोंद जागेवर राहावी म्हणून. पण मोडी वाचावयास शिकणारा साठ वर्षांचा गृहस्थ कोठून कोठें स्थलांतर करीत आहे? तो गुलमंडीवरून निघून सायंकाळीं गुलमंडीवरच परत जाणार आहे. खंडाचें प्रतिज्ञापत्र कां मागतात? मधल्या काळांत विद्यार्थी दुसरीकडे कोठें दाखल नव्हता, याची खात्री व्हावी म्हणून. सतराव्या वर्षीं शिक्षण सुटलेल्या व अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं परत आलेल्या स्त्रीस एकतीस वर्षांचा खुलासा शपथेवर करावयास सांगणें हा विनोद नव्हे तर काय? ती एकतीस वर्षें संसार करीत होती. मुलें वाढवीत होती, सासूसासऱ्यांचें दुखणेंखुपणें काढीत होती. त्या काळास “खंड” हें नांव देण्याचा अधिकार आम्हां प्राध्यापकांस कोणीं दिला?

स्त्रियांची गोष्ट निघाली आहे, तेव्हां आणखी एक सांगितलें पाहिजे. आमच्याकडे लग्नांत मुलीचें आडनांव बदलतें, बापाच्या नांवाची जागा नवऱ्याचें नांव घेतें, आणि कित्येक घरांतून तिचें स्वतःचें नांवहि बदललें जातें. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक स्त्री आहे, आधारपत्रावर दुसरी आहे, आणि बँकेच्या पुस्तकावर बहुधा तिसरी. पुरुषांचीहि सुटका नाहीं. गुणपत्रिकेवर आडनांव आधीं व आधारपत्रावर तें शेवटीं, एवढ्यावरून यंत्र त्यास “जुळत नाहीं” असें बजावतें. पण पुरुषाचें नांव उलटें होतें, स्त्रीचें नांव नाहींसें होतें. विवाहाचा दाखला आणा, राजपत्रांतील प्रसिद्धि आणा, दोन्ही नांवांची व्यक्ति एकच असल्याचें प्रतिज्ञापत्र आणा! एवढें करून तिला काय मिळणार? आठवड्यांतून दोन दिवस दोन तास पालि शिकण्याची परवानगी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण आमच्या आजीबाईंनीं जणूं याच अर्जासाठीं करून ठेविली असावी.

वेळेचीहि तीच कथा. प्रवेशाची खिडकी उघडते ती पदवीच्या प्रवेशांबरोबर पावसाळ्याच्या तोंडीं, आणि बंद होते तीहि त्यांच्याबरोबरच. सप्टेंबरांत ज्यास शिकण्याची बुद्धि झाली, त्यानें ती पुढल्या जूनपर्यंत सांभाळून ठेवावी! तपासणीची वेळ अकरा ते पांच. दुकानांतील माणसाची मालकाच्या नजरेखालीं उभें राहण्याचीहि वेळ तीच. विद्यापीठ गुलमंडीपासून दोन-तीन मैलांवर, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीं आहे. हें अंतर रिक्षाला पंधरावीस मिनिटांचें आहे. परंतु एका कागदासाठीं तीन खेपा घालाव्या लागल्या, तर गुमास्त्याच्या तीन दिवसांच्या मजुरीइतकें तें लांब होतें.

अंतर म्हणजे काय, हें मराठवाड्यास कोणी शिकवावें लागूं नये. निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, तें हैदराबादेस. त्याची शिक्षणभाषा उर्दू. आमच्या भागांतील मराठी घरांतल्या मुलास उच्च शिक्षणासाठीं गांव सोडावें लागे आणि भाषाहि सोडावी लागे. ज्यास दोन्ही झेपत नसे, तो शिक्षणच सोडी. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हें राज्य संपलें. १९५० सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें येथें महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलें. आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें. पुढें त्याच विद्यापीठाच्या नामांतरासाठीं १९७८ पासून १९९४ पर्यंत लोक झगडले. घरें जळालीं, माणसें मेलीं. आणि १४ जानेवारी १९९४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव त्यास लागलें. ज्या प्रदेशानें विद्यापीठाच्या नांवासाठीं एवढी किंमत मोजली, त्या प्रदेशांतील माणसास विद्येची गोडी नाहीं, असें म्हणण्यास मोठें धाडस पाहिजे. विद्यापीठ जवळ आलें. पण अर्जानें तें पुन्हां लांब नेलें, असें आमचें म्हणणें आहे.

अन्यत्र या प्रश्नाचा विचार कसा झाला, हें पाहणें उद्बोधक होईल. ज्या इंग्रजी विद्यापीठांचें अनुकरण आमच्या विद्यापीठांनीं केलें, त्यांतील केंब्रिजचें उदाहरण घ्या. जेम्स स्टुअर्ट नांवाचा तेथील एक तरुण अध्यापक १८६७ सालीं उत्तर इंग्लंडच्या शहरांत स्त्रियांच्या मंडळांपुढें व्याख्यानें देऊं लागला. मागाहून कामगारांपुढेंहि तो बोलूं लागला. रॉचडेल येथें सहकारी मंडळीच्या सभागृहांत त्याचें व्याख्यान होतें. घाईमुळें त्यानें आपल्या आकृत्या पुढल्या आठवड्यापर्यंत तेथेंच टांगलेल्या ठेविल्या. परत येऊन पाहतो, तों मधल्या दिवसांत श्रोत्यांनीं त्या आकृत्यांपुढें उभें राहून आपसांत चर्चा केलेली! तेव्हांपासून व्याख्यानाबरोबर चर्चेचा वर्ग घेण्याची रीत त्यानें पाडली. १८७३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें हें काम अधिकृतपणें अंगावर घेतलें, व नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या कारखान्यांच्या गांवीं आपले अध्यापक पाठविले. या घटनेंत ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट अशी, कीं विद्यापीठ उठून गांवांत गेलें. गांवानें अर्ज घेऊन विद्यापीठांत यावें, अशी वाट पाहत तें बसलें नाहीं.

आणि विलायतेपर्यंत जाण्याचें तरी काय कारण? पुण्यास न्यायमूर्ति रानड्यांनीं १८७५ सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीड शतकाच्या काळांत तिनें किती लोकांचीं मतें बनविलीं व किती मोडलीं, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. पण श्रोत्याकडून शाळा सोडल्याचा दाखला तिनें मागितला नाहीं, एवढें निश्चित. १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय काढतांना डॉ. आंबेडकरांपुढें नोकरी करून शिकणारा गरीब विद्यार्थी होता, आणि म्हणून त्यांनीं तेथें सकाळचे वर्ग ठेविले. विद्यार्थ्याच्या दिवसांतला मोकळा वेळ कोणता, हें आधीं पाहून त्या वेळीं वर्ग भरविणें, यास आम्ही खरी शिक्षणदृष्टि म्हणतों. १९८९ सालीं नाशकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसहि सहा महिन्यांच्या पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमांतून पदवीकडे जातां येईल, अशी वाट त्यानें आरंभीं करून दिली होती. पदवीसारख्या मोलाच्या वस्तूकडे नेणारी वाट जर अशी मोकळी करतां आली, तर मोडीच्या बाराखडीपुढें एवढे पहारे कशासाठीं?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा, कीं कागद न तपासतां प्रवेश दिला तर लबाडी माजेल. हा आक्षेप करणारांस आम्ही विचारतों: लबाडी कशाची? मनुष्य लबाडी करतो ती लाभासाठीं. खोट्या पदवीनें नोकरी मिळते, बढती मिळते. म्हणून पदवीस पहारा पाहिजे, आणि तो कडकच पाहिजे. पण खोट्या नांवानें वर्गांत बसून एखादा मनुष्य जपानी भाषा शिकला, तर त्यानें चोरलें काय? विद्या ही चोरून नेली तरी मालकाच्या घरांत तेवढीच उरते, असें आमचीं सुभाषितें कधींचीं सांगत आहेत. ज्यास प्रमाणपत्र हवें असेल, त्याचे कागद परीक्षेपूर्वीं खुशाल तपासा. तेथें ढिलाई करा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. परीक्षा कडक असावी. अर्ज कडक असण्यानें विद्येचा दर्जा वाढतो, हें मात्र आम्हांस कोणी सिद्ध करून दाखवावें.

दुसरा आक्षेप नव्या मतांच्या लोकांचा आहे. ते म्हणतात, कीं ऑनलाइन अर्ज ही लोकशाहीच होय. तेथें शिपायाची मनधरणी नाहीं, खिडकीपुढें रांग नाहीं, आणि मध्यरात्रींहि अर्ज भरतां येतो. यांत तथ्य आहे, व जुन्या खिडकीचे आम्ही भक्त नाहीं. तथापि या गृहस्थांनीं एकदां गुलमंडीवरून औरंगपुऱ्याकडे पायीं यावें व दुकानांवरील पाट्या वाचाव्या. “सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील,” अशी पाटी त्यांस दिसेल. अर्ज भरणें हा जेथें स्वतंत्र धंदा होऊन बसला, तेथें अर्ज सोपा झाला असें कोणत्या तोंडानें म्हणावें? पूर्वीं शिपायास चहा पाजावा लागे. आतां फॉर्म भरणाऱ्यास दाम मोजावे लागतात. शिवाय तो भरणारा घाईंत असतो. एक अक्षर चुकलें, कीं दुरुस्तीचा अर्ज वेगळा.

तिसरा आक्षेप सरकारी आहे: नियम वरून येतात, आम्ही काय करणार? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें श्रेयांकांची व्यवस्था सांगितली, २०२१ सालीं श्रेयांकपेढी आली. तेव्हां लहान अभ्यासक्रमाचेहि श्रेयांक पेढींत जमा होणार, आणि पेढी म्हटली कीं खातें आलें. ठीक आहे. पण ज्यास श्रेयांक साठवावयाचेच नाहींत, त्यानें खातें कां उघडावें? बाजारांतून शेरभर गूळ घेणाऱ्यास आधीं बँकेचें पुस्तक दाखवावयास कोणी सांगत नाहीं. आणि नियम वरून येतात म्हणावें, तर वरचें उदाहरण आमच्याच बाजूचें आहे. केंद्र सरकारनें २०१७ सालीं ‘स्वयं’ नांवाची ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यवस्था सुरू केली. तींत नांव नोंदवून अभ्यास करण्यास शुल्क पडत नाहीं. ज्यास प्रमाणपत्रासाठीं देखरेखीखालील परीक्षा द्यावयाची असेल, त्यानेंच शुल्क भरावयाचें. म्हणजे शिकणें वेगळें व शिकल्याचा पुरावा वेगळा, हें तत्त्व दिल्लीस मान्य आहे. तेथें जें लाखोंच्या संख्येस झेपतें, तें आमच्या पंचवीस जणांच्या वर्गास कां झेपूं नये? आणि ‘स्वयं’ आहे तर मग वर्ग कशास हवे, असें कोणी म्हणेल, तर माळ्यावरील बासन घेऊन त्यानें पडद्यापुढें बसावें. एका कारकुनाचें मोडी वळण दुसऱ्या कारकुनाशीं जुळत नाहीं. तेथें शेजारीं बसून बोट ठेवून सांगणारा शिक्षकच लागतो.

चौथा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाहीं, पण तोच सर्वांच्या मुळाशीं आहे. तो असा, कीं वाटेल त्यानें सहज आंत यावें, यांत विद्यापीठाची प्रतिष्ठा राहत नाहीं. गुमास्ते, गृहिणी, रिक्षावाले आणि निवृत्त परिचारिका एका बांकावर बसलेल्या पाहून ज्यांच्या विद्वत्तेस कसेंसेंच होतें, अशीं माणसें आमच्या पेशांत आहेत. त्यांस आम्ही गुलमंडीवरील एखाद्या कापडाच्या दुकानांत जाऊन बसण्याची विनंति करतों. गिऱ्हाईक पायरी चढलें, कीं दुकानदार त्यास बसावयास सांगतो, पाणी देतो, आणि वीस ठाणें उलगडून पुढें टाकतो. तुमचें नांव काय, मागील कापड कोणत्या दुकानांतून घेतलें, मध्यंतरीं इतकीं वर्षें कापड कां घेतलें नाहीं, असें तो विचारीत नाहीं. माल पाहून गिऱ्हाईक उठून गेलें, तरी तो ठाणें पुन्हां घडी करून ठेवतो. कारण आज उठून गेलेला मनुष्य लग्नसराईंत परत येईल, हें त्यास ठाऊक असतें. आपल्या मालावर ज्याचा विश्वास असतो, तो माल आधीं दाखवितो. गिऱ्हाइकाचीच आधीं परीक्षा घेणाऱ्या दुकानाविषयीं बाजारांत काय मत होतें, तें प्रतिष्ठेची काळजी वाहणाऱ्यांनीं तेथेंच विचारून घ्यावें.

नुसती टीका करून थांबणें आम्हांस आवडत नाहीं. म्हणून करावयाचें काय, तेंहि सांगतों. अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाचा अर्ज एका पानाचा व मराठींत असावा. त्यांत नांव, पत्ता, दूरध्वनि आणि अभ्यासक्रम एवढ्याच गोष्टी असाव्यात, व ओळखीसाठीं कोणताहि एक कागद पुरावा. नांव अर्जदार आज जें लावतो किंवा लावते, तेंच धरावें. पहिले दोन तास कोणासहि मोकळे असावेत. तिसऱ्या तासास शुल्क भरून पावती घ्यावी, आणि ती पावती हाच प्रवेश समजावा. ज्यास प्रमाणपत्र हवें, त्यानें परीक्षेच्या महिनाभर आधीं आपले कागद दाखवावेत. ज्यास नको, त्यास कोणी विचारूं नये. वर्षांतून एकदां नव्हे, तर निदान तीनदां वर्ग सुरू व्हावेत. वर्षांतून कांहीं दिवस तरी सायंकाळीं सहा ते नऊ या वेळांत विद्यापीठाचा एक मनुष्य पावतीपुस्तक घेऊन जुन्या शहरांत बसावा. जागा एखाद्या शाळेची चालेल, ग्रंथालयाची चालेल. आणि शक्य तेथें वर्गहि तेथेंच भरावा. यांतील एकाहि गोष्टीस नवी इमारत लागत नाहीं, नवें पद लागत नाहीं, आणि असा नवा खर्चहि लागत नाहीं, कीं जो दहापांच जास्त विद्यार्थ्यांच्या शुल्कांतून निघणार नाहीं.

अधिकार नाहीं, ही सबबहि चालण्याजोगी नाहीं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानें आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठीं प्रत्येक विद्यापीठांत स्वतंत्र मंडळाची तरतूद केली आहे. ‘विस्तार’ या शब्दाचा अर्थ भिंतीच्या बाहेर जाणें असाच आहे. आणि जी विद्या भिंतीच्या बाहेर जावयाची, तिच्यासाठीं भिंतीचे नियम कायम ठेवणें ही शब्दाचीच थट्टा होय. महाराष्ट्र शासनाचें पुराभिलेख संचालनालय मोडीचे लहान प्रशिक्षणवर्ग घेत आलें आहे. कागद सांभाळणें हेंच ज्या खात्याचें काम, त्यास लोकांना तो कागद वाचावयास शिकवावेंसें वाटतें. आणि विद्या सांभाळणें हें ज्यांचें काम, त्या आमच्या संस्थांनीं शिकूं इच्छिणाऱ्यापुढें कागदांचीच चळत मागावी, हें बरें दिसत नाहीं.

विद्यापरिषदेच्या सभासदांस आमची एक सूचना आहे. पुढील सभेस येण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या विद्यापीठाचा अल्प मुदतीच्या अभ्यासक्रमाचा अर्ज स्वतः, कोणाच्या मदतीवांचून, आपल्या मोबाइलवर प्रारंभापासून शेवटपर्यंत भरून पाहावा. आपली स्वतःची दहावीची गुणपत्रिका शोधून काढावी, तीवरील नांव आधारपत्राशीं ताडून पाहावें, आणि नोकरींत गेलेल्या वर्षांच्या खंडाचें प्रतिज्ञापत्र लिहावें. सभेंत किती जणांचा प्रवेश पक्का झाला, याची प्रथम मोजणी व्हावी, आणि मग एका पानाच्या अर्जाचा ठराव चर्चेस घ्यावा. चर्चा लांबणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. लांबलीच, तर सभासदांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं दिवाळी दरवर्षीं येते, माळे दरवर्षीं झाडले जातात, आणि रद्दीवाला कोणाकडेहि पात्रता प्रमाणपत्र मागत नाहीं.